मोदकाचं पाप आणि मनुकांचा रस

माझ्याकडे सांगण्याजोगं पाप नव्हतं, ही माझी बडोद्यातली पहिली अडचण.

आमच्या मंडळीत साक्षीचं वारं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. त्याआधी रविवारची उपासना म्हणजे गायनं, प्रार्थना, उपदेश, आशीर्वाद, आणि साडेअकराला घरी वरणाला फोडणी द्यायला मोकळे. मग शहरात घरोघर केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले, आणि त्याच सुमाराला आमच्या चर्चमध्ये कीबोर्ड आला, माईक आला आणि उपदेशाआधी अर्धा तास साक्षीला मिळू लागला. ज्याला प्रभूने वाचवलं त्याने पुढे यायचं, आपण कसे बुडालो होतो ते सांगायचं, मग वर कसे आलो ते. बुडणं जितकं खोल तितका हालेलूया मोठा. एकाने दारूचं सांगितलं. एकाने आकड्याच्या नादाचं. लोक डोळे पुसत होते.

सगळ्यात मोठा हालेलूया मिळाला तो आमच्या दवाखान्यातल्या ड्रेसरला. हाडं बसवणं, प्लास्टर घालणं, जखमा बांधणं हे त्याचं काम. हात इतका हलका की पेशंट त्याचंच नाव घेऊन यायचे. तो माईकपाशी गेला आणि म्हणाला, "मी माझ्या बायकोला मारत होतो. पट्ट्याने मारत होतो. लोकांचे हात सांधत होतो आणि घरी जाऊन तिचा पिरगाळत होतो. पण येशूच्या रक्ताने मला धुतलं. तो जुना माणूस मेला. आज मी नवा आहे." आणि ढसाढसा रडला. पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. मीसुद्धा रडले, खोटं कशाला सांगू.

त्याची बायको बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसली होती, डोक्यावर पदर, नजर गायनाच्या पुस्तकात. ती आमच्याच दवाखान्यात आया होती. तिला कुणी पुढे बोलावलं नाही. बाई, तुला काही म्हणायचं आहे का, एवढंही कुणी विचारलं नाही. मार तिने खाल्ला होता, पण साक्ष त्याची होती. वर्षाच्या आत त्याला मंडळीचा कारभार बघणारा पंच नेमलं, आणि प्रभुभोजनाचं ताट बाकांवरून फिरवायचा मान त्याच्या हलक्या हातांना मिळाला.

मी कोण, ते सांगते. मी नगर जिल्ह्यातली. आठवीत असताना आईने शाळेतून काढलं, कारण माझ्यामागची चार लेकरं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. लेकरं मोठी झाली तोवर शाळा मला विसरली होती. मग आमच्या गावी येणाऱ्या एका बायबल-बाईने चिठ्ठी दिली आणि मी फतेगंजमधल्या या मिशनच्या दवाखान्यात आले, नर्सेसच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरामागे मला एक खोली मिळाली. खोली केवढी, तर खाट टाकली की दार अर्धंच उघडायचं. पण त्या दाराला आतून लागणारी कडी होती. दोन खोल्यांत अकरा माणसं असलेल्या घरातून आलेल्या मुलीला ती कडी काय वाटली, ते मी इथे नीट लिहू शकणार नाही. पहिले कित्येक दिवस मी नुसती लावून-काढून बघायची.

त्या कडीसाठी मी देवाचे आभार मानायची आणि त्याच कडीसाठी घाबरायची. कारण आवारात राहणारा माणूस मंडळीचा चालता सभासद असला पाहिजे, असा नियम होता. सभासदत्वाला कसला डाग नाही, अशा कागदावर दरवर्षी पाळकसाहेबांची सही लागायची. त्यांच्या भुवया जरा वर गेल्या की मला खाटेखालची ट्रंक आठवायची. कृतज्ञ माणूस फार भित्रा असतो. त्याच्याकडे गमवायला काहीतरी असतं.

प्रभुभोजनाचा द्राक्षरस मी करायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, येशूचं शरीर म्हणून भाकरीचा तुकडा आणि रक्त म्हणून रसाचा घोट. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी दुपारी देठ काढून, उकळून, कुस्करून, मलमलच्या कापडातून पिळायच्या. पिळायला दोघी लागतात. ड्रेसरची बायको मदतीला यायची. बडोद्यातच वाढलेली, मराठी बोलता बोलता मधेच गुजरातीत शिरायची. "चाल ने बेन, घट्ट धर," म्हणायची, आणि एक टोक ती, एक मी.

आता मोदकाचं.

शहराच्या वाडी भागात एका पोळात, म्हणजे जुन्या अरुंद गल्लीत, एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. त्यांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, पगडीतला फोटो दारासमोरच लावलेला. डोळ्याच्या ऑपरेशनला आमच्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांना मराठी पेपर वाचून दाखवणारं कुणी हवं होतं. नर्सेस गुजराती किंवा केरळच्या. मराठी वाचणारी मीच, तीही अडखळत. बाई डोळ्यांवर पट्टी बांधून पडल्या पडल्या माझे उच्चार सुधारायच्या. "'विषेश' नाही ग, 'विशेष'. जीभ उचल जरा." घरी गेल्यावरही त्यांनी मला बुधवारी दुपारी बोलावणं चालू ठेवलं. पेपर झाला की एक पान लिहायला लावायच्या. आज हे लिहिते आहे ते त्या पानांमुळे.

त्या घरी माझा कप वेगळा होता. कानाशी टवका उडालेला, खिडकीत ठेवलेला. चहा झाला की मी तो विसळून परत खिडकीत ठेवायची. त्याचा विषय आम्ही दोघींनीही कधी काढला नाही.

एका गणपतीत बाईंनी माझ्या वाटीत उकडीचा मोदक ठेवला, वर तुपाची धार. "खा, गरम आहे." मी खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. एवढंच.

त्याच महिन्यात पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "ज्यांनी अजून साक्ष दिली नाही, त्यांनी स्वतःला तपासावं. गप्प बसणं हाही गर्व आहे." त्यांनी मागच्या बाकांकडे बघितलं. मला वाटलं माझ्याकडेच बघितलं. पुढच्या रविवारपर्यंत मी पोळ्या लाटता लाटता माझा जन्म चाळला. दारू नाही, जुगार नाही, मारायला नवरा नाही की बायको नाही. दुधावरची साय एक-दोनदा चमच्याने खाल्ली होती, पण ती सांगितली असती तर मेसच्या बाईंनी काढलं असतं. शेवटी हाताला मोदक लागला. मूर्तीपुढचा नैवेद्य. आमच्यात हे पाप म्हणून धरतात, शिवाय कुणाचं काही बिघडलेलं नाही. मला तो सोयीचा वाटला.

मी माईकपाशी जाऊन सांगितलं. हालेलूया आला नाही. बायकांच्या बाजूला कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं, तेवढंच. मी परत जागेवर येईपर्यंत माझ्या चपलांचा आवाज सगळ्या चर्चमध्ये ऐकू येत होता.

संध्याकाळी पंच बसले. मला उभं केलं. ड्रेसर माझ्या समोरच होता. त्याने विचारलं, "किती खाल्ले?"

"दोन."

"म्हणजे एकावर थांबली नाहीस."

पाळकसाहेब मात्र शांत होते. ते वाईट माणूस नव्हते, आणि याचाच मला जास्त राग यायचा. म्हणाले, "बेटा, पाप लहान-मोठं नसतं. सगळं पाप त्याच्या दृष्टीने सारखंच." मग निकाल सांगितला. मला तीन वेळा प्रभुभोजन बंद. तोवर शेवटच्या बाकावर बसायचं. त्यानंतर मंडळीपुढे उभं राहून पश्चात्ताप करायचा, आणि त्या घरी पुन्हा जाणार नाही असं वचन द्यायचं. ते दिलं की सगळं माफ, आणि माझा कागदही सही होऊन जाईल.

पाप लहान-मोठं नसतं तर पट्ट्याने मारणारा ताट घेऊन फिरतो आणि मोदकवाली मागच्या बाकावर कशी, हे मी विचारलं नाही. असली उत्तरं मला नेहमी चुलीपुढे सुचतात. निघताना पाळकसाहेब मागून म्हणाले, "रस मात्र तूच करायचा हं. दुसऱ्या कुणाला जमत नाही."

म्हणजे प्रभूचं रक्त माझ्या हातांनी पिळायचं, सगळ्यांना पुरेल एवढं, आणि मी त्याला ओठ लावायचा नाही. त्यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग भडकल्या. "माझ्या मोदकाला पाप म्हणतात? आणि तू सांगायला गेलीस? विचारलं होतं कुणी?"

"विचारत नाहीत बाई, आपणच सांगायचं असतं."

"बरं आहे तुमच्यात. एकाने सुळावर चढायचं आणि बाकीच्यांनी धुऊन निघायचं. आमच्याकडे ज्याचं त्याला फेडावं लागतं. या जन्मी नाही तर पुढच्या."

माझ्या येशूला कुणी बोललेलं मला आजही खपत नाही, आणि तेव्हा तर मी आधीच दुखावलेली होते. मी म्हटलं, माणसाकडून फिटण्यातलं नाही म्हणून तर देवाने स्वतः फेडलं. आदामापासूनचं. आपण कितीही घासलं तरी निघत नाही ते.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "देवाचं फिटलं, मान्य. पण ज्याला लागलं त्याचं काय? त्याला कोण विचारतं?"

मला तिसऱ्या बाकावरचा पदर आठवला. उत्तर नसलं की मला राग येतो. मी म्हटलं, "आणि खिडकीतला कप बाई? तो कुठल्या जन्मी फेडायचा?"

बाईंनी पगडीतल्या आजोबांच्या फोटोकडे बघितलं. पुढच्या बुधवारी मी गेले तर कप खिडकीतच होता. चहाही होता. मी प्यायले, विसळला, खिडकीत ठेवला आणि पेपर उघडला. बाईंनी पहिल्याच ओळीत माझ्या उच्चारात चूक काढली. रागही दोघींचा तसाच राहिला आणि बुधवारही.

पहिल्या महिन्यात ताट माझ्या बाकाच्या अलीकडून वळलं. दुसऱ्या महिन्यातही. तिसरं प्रभुभोजन झालं की मला उभं राहून वाक्य म्हणायचं होतं. मी ते पाठ केलं होतं. "मी त्या घरचं खाऊन पाप केलं, आणि त्या घरी मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही." आरशापुढे म्हणताना पहिला भाग यायचा, दुसऱ्यापाशी जीभ उचलायची नाही. पण कडी होती. म्हणणार होते मी. ठरलंच होतं.

त्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी दुपारी ड्रेसरची बायको मनुका निवडायला आली. उजवं मनगट बांधलेलं. पट्टी सुरेख, एक वळी इकडची तिकडे नाही. डाव्या हाताने देठ काढत बसली.

"काय झालं?"

"पाय घसरला. मोरीत."

"पाय घसरला आणि मनगट?"

तिने एक मनुका तोंडात टाकली. "तू पंच झालीस का?"

"बांधलं कुणी?"

"त्यांनीच. छान बांधतात ते."

मी पातेलं खाली उतरवलं. म्हटलं, "पण त्यांचं तर तारण झालं ना? सगळ्यांसमोर?"

ती हसली. खरंच हसली, दात दिसेपर्यंत. "तारण त्यांचं झालं ग. हाताचं राहिलं असेल."

त्या दिवशी तिला कापड धरता आलं नाही. मी एक टोक नळाला बांधलं आणि एकटीने पिळलं. रस कमी उतरला. तीन महिन्यांपूर्वी पंचांपुढे उभी असताना मला तिचं माहीत होतं का? होतं. आधीही एकदा तिने बाही खाली ओढलेली मी पाहिली होती. मग मी लगेच मनुकांकडे बघायला लागले होते. पंचाच्या बायकोचं मनगट बघणाऱ्या मुलीच्या कागदावर कोण सही करणार?

दुसऱ्या दिवशी ताट फिरून झालं, माझं बाकडं सोडून. पाळकसाहेबांनी मला उभं केलं. मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं आणि ते मधेच सुटलं. मी म्हणाले, "मोदक मी खाल्ला. चांगला होता. त्याचा मला पश्चात्ताप होत नाही, किती ओढून आणला तरी येत नाही. माझं पाप दुसरं आहे. आमच्यातल्या एका बहिणीला अजून मार बसतो. मला माहीत होतं. खोली जाईल म्हणून मी गप्प बसले. त्याची मला क्षमा मिळावी."

नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, तिच्या मनगटावरची पट्टी पांढरीशुभ्र होती. सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. ड्रेसर रिकाम्या इवल्याशा पेल्यांचं ताट घेऊन उभा होता, तो एकेक पेला सरळ लावायला लागला. ती उठली, पदर सावरला आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेली. माझ्या बाकापाशी आली तेव्हा मला वाटलं थांबेल. थांबली नाही.

मी खाली बसले. आणि लिहायची लाज वाटते, पण मला हलकं वाटलं होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. धुतल्यासारखी.

सोमवारी ती स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते.

"मला विचारलं होतंस?"

मी म्हटलं, "मी माझं पाप सांगत होते."

"तुझं? मनगट कुणाचं होतं?" तिने पट्टी माझ्या तोंडासमोर धरली. "त्यांनी माझा मार माईकवर सांगितला, त्यांना मिठी मिळाली. तू माझा मार सांगितलास, तुला बरं वाटलं. माझ्या मारावर सगळ्यांचं तारण होतं बेन. माझंच तेवढं कुणाला सुचत नाही. माझी पोर आज शाळेत गेली नाही. कारण काय सांगू तिच्या बाईंना?"

माझे हात कणकेत तसेच राहिले. मी म्हटलं, "माफ कर मला."

"माफी देवाकडे माग. तो लगेच देतो. माझ्याकडून नाही मिळणार."

पंचांनी तिला बोलावलं तेव्हा तिने शपथेवर सांगितलं की मोरीत पाय घसरला. ड्रेसर ताट घेऊन पुन्हा फिरू लागला. मी खोटी ठरले. आता कागद गेला, कडी गेली, असं धरून मी ट्रंक भरायला घेतली. पण पाळकसाहेबांनी मला ऑफिसात बोलावून सही केली. मान खाली घालून म्हणाले, "बेटा, तू खोटं बोलली नाहीस, मला माहीत आहे. झालं गेलं प्रभूच्या चरणी वाहू या. पुढच्या महिन्यापासून तू प्रभूच्या मेजावर ये, प्रभुभोजन घे."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मीही कागद उचलला आणि आले. मला खोली हवी होती.

पुढच्या महिन्यात ताट शेवटच्या बाकापर्यंत आलं. मीच पिळलेला रस, इवल्या पेल्यांत. येशूने स्वतः सांगून ठेवलं आहे की अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की कुणाचं मन तुझ्याबद्दल दुखलं आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. हे आमच्या साक्षीच्या अर्ध्या तासात कुणी कधी वाचल्याचं मला आठवत नाही. मलाही तेव्हाच आठवलं, ताट समोर आल्यावर. देवाने माफ केलं होतं, पाळकांनी केलं होतं, पंचांनी नाइलाजाने केलं होतं. तिसऱ्या बाकावरचीने केलं नव्हतं. मी ताट पुढे सरकवलं. त्यापुढच्या महिन्यातही. लोकांना वाटलं मला गर्व झाला आहे. वाटू दे, म्हटलं. कापडाचं टोक मी नळाला बांधत राहिले.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी तिने दवाखान्यातल्या आयांच्या क्वार्टरमध्ये खोली मागून घेतली आणि पोरीला घेऊन तिथे राहायला आली. मी मोठ्या आशेने तिची ट्रंक उचलायला गेले. ती म्हणाली, "ठेव. आणि हे तुझ्यामुळे नाही, समजलं? तुझ्यामुळे तर सहा महिने उशीर झाला. लोकांचं बोलणं थांबेपर्यंत निघता येईना."

ते खरं होतं की मला टोचायला बोलली, मला अजून माहीत नाही.

नाताळच्या महिन्यातल्या प्रभुभोजनाचा आदला शनिवार. मी मनुकांचं ताट घेऊन बसले होते. ती दारात आली, चप्पल काढली, समोर बसली आणि ताट आपल्याकडे ओढलं. दोन्ही हातांनी देठ काढू लागली. उजवा अंगठा अजून नीट वळत नव्हता.

अर्धं ताट निवडून झालं. मग तीच म्हणाली, "मागच्या महिन्यात रस पाणचट होता."

"एकटीने पिळलं की तसा होतो."

"कळत होतं ते." एक सडकी मनुका बाजूला टाकली. "मनुका निवडायला आले आहे. याला माफी समजू नकोस."

"नाही समजत."

"उद्याही ताट पुढेच ढकलणार?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिला त्यात बरं वाटलं, हे मला दिसलं, आणि तो तिचा हक्क होता.

मनुका उकळल्या, निवल्या, कुस्करून झाल्या. मी सवयीने कापडाचं टोक नळाकडे नेलं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या मनगटाला दोन वेढे दिले. दुसरं टोक माझ्याकडे फेकलं.

"घट्ट धर," म्हणाली. "आणि माझ्याकडे बघू नकोस. कापडाकडे बघ."